चान्स किती?

सल्लागाराने माझं आयुष्य पाच मिनिटांत वाचून संपवलं. भारतीय पुरुष, इंजिनिअर, मुंबईत पाच वर्षं क्रेडिट अ‍ॅनालिस्ट, सीएफएच्या तिन्ही लेव्हल पास, जीमॅट ६९५. मग यादी: हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड 'रीच', इन्सियाड 'टार्गेट', आयएसबी जवळपास 'सेफ'.

मला हसूच आलं. मी ऑफिसात दिवसभर हेच करतो. कंपनीचा ताळेबंद बघायचा आणि ती कर्ज फेडेल की नाही ते दोन-तीन अक्षरांत सांगायचं. या वेळी ताळेबंद माझा होता, इतकंच.

६९५ ऐकून आत्या हळहळली, "सातशेला पाचच कमी पडले रे!" जीमॅट बदलली, आता ती ८०५ पैकी असते, नवे ६९५ जुन्या ७०० च्या बरेच वर बसतात, हे तिला समजावणं मी सोडून दिलं. प्रश्न मार्कांचा नव्हताच. हार्वर्ड दरवर्षी नऊशेच्या वर मुलं घेतं, पण त्याला नऊशे क्रेडिट अ‍ॅनालिस्ट नको असतात. लष्करातले, शिक्षक, डॉक्टर असे सगळे हवे असतात. म्हणजे माझी खरी स्पर्धा कुर्ल्याला उतरून बीकेसीची शेअर रिक्षा पकडणाऱ्या, माझ्यासारख्याच फिक्या निळ्या शर्टांशी.

"तुझी स्टोरी काय?" सल्लागाराने विचारलं.

मी बाबांचं सांगितलं. ते तासगावात एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट होते. रोज संध्याकाळी सायकलवरून भाजीवाले, चहाच्या गाड्या, पानटपऱ्या. दहा-वीस रुपये घ्यायचे, वहीत लिहायचे. मी नववीत असताना संस्था बुडाली. बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो, आज पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेला तो नाही. संस्थेला कुलूप होतं, म्हणून लोक आमच्या दारात आले. बाबांनी प्लॉट विकला आणि पैसे वाटले. कायद्याने ते एक रुपयाही देणं लागत नव्हते.

सल्लागार खुर्चीत सरसावून बसला. "हे आधी का नाही सांगितलंस? ओपनिंग हेच!"

चान्स वाढले होते, आणि मला कसंतरीच झालं. आई त्या वर्षी सहा महिने बाजारात गेली नव्हती. त्याचा आता मला वापर होणार होता.

तीनदा लिहून खोडलं. शेवटी एका रात्री बाबांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं. पंचेचाळीस खातेदारांचे पैसे परत केले, वगैरे. बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज.

"पंचेचाळीस नाही, सत्तेचाळीस," बाबा म्हणाले. "आणि सगळ्यांचे पुरे नाही देता आले. अकरा जणांचे निम्मेच दिले. तेही लिही."

लिहिलं. शब्दमर्यादा ओलांडली, म्हणून सीएफएचं वाक्य काढून टाकलं.