रहिवासी

गेल्या उन्हाळ्यात काकांच्या नावाने एक कागद आला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी केलेला अर्ज नामंजूर झाला होता. कारण एकाच ओळीचे : महाराष्ट्रातील १५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध होत नाही.

काकांचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने गेला. ४० टक्क्यांवरच्या अपंगत्वाचा दाखला त्यांच्याजवळ आहे; त्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. अडले ते पत्त्यावर. जन्म पिंपळगाव राजातला, शाळाही इथलीच. अठराव्या वर्षी शिवणकामासाठी ते बऱ्हाणपूरला, म्हणजे मध्य प्रदेशात गेले. बावीस वर्षांनी परतले, त्याला आता बारा वर्षे झाली. कचेरीने ही बाराच मोजली. पहिली अठरा कुठे गेली?

ही योजना १९८० सालची. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली, तर २०२५ मध्ये अपंगांसाठी २५००. एका पायाने मशीन चालवणाऱ्या माणसाला ती थोडी नव्हे.

अपील लिहायला मी बसलो. कलाशाखेचा विद्यार्थी, त्यामुळे शब्दांची हौस दांडगी! 'असहाय', 'दयेची याचना' असे बरेच काही लिहून मोठ्याने वाचून दाखवले. काका शांतपणे म्हणाले, "बाबू, हे दया-गिया खोडून टाक. मी कोन्या गावचा, एवढंच लिही."

मग जन्माची नोंद काढली, शाळा सोडल्याचा दाखला काढला, आजोबांचे जुने रेशनकार्ड शोधले. आजी तूर निवडता निवडता म्हणाली, "माह्यं लगन झालं तवा आपलं गावबी मध्य प्रदेशातच व्हतं!"

मी चमकलो. खरेच, १ नोव्हेंबर १९५६ ला बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. आजी जागची हलली नाही. राज्य मात्र दोनदा बदलले. तिला कुणी वास्तव्याचा पुरावा मागितला नाही. काका पोटासाठी हलले, तर ते परके ठरले!

सुनावणीत साहेबांनी विचारले, "मधली वर्षं कुठे होता?"

"पोटामागं होतो, साहेब."

साहेबांनी कागद ठेवून घेतले. हे लिहीपर्यंत निकाल आलेला नाही. परवा मी विचारले, "काका, पैसे मिळतील का हो?"

मशीनवरची मान वर न करता ते म्हणाले, "पैसे तं पाहिजेच, बाबू. पन मी इथला नाही, असं कागदावर ऱ्हायला नको."