दहावा चेहरा

भोरहून आंबवड्याला आलेला माणूस आधी झुलत्या पुलावर फोटो काढतो, मग नागेश्वरापुढे हात जोडतो. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या याच गावात आहेत, हे पुष्कळांना इथे आल्यावरच कळते. समाधीला चेहरा नसतो. जिवा कसा दिसत होता हे ठरवायचे काम म्हणूनच आधी चित्रकारांनी, मग सिनेमावाल्यांनी केले, आणि आता ते मोबाइलवाल्या पोरांच्या हाती आले आहे.

शिवजयंती जवळ आली की हे काम रात्र रात्र चालते. एखाद्या सिनेमाचे पोस्टर घ्यायचे, बोटाने नटाची आकृती कापून काढायची, मागचे सारे उडवून तिथे प्रतापगड, धूर आणि ठिणग्या भरायच्या. कोपऱ्यात मंडळाचे नाव, खाली शुभेच्छुकांची रांग. सगळ्यात शेवटी बोट एका पट्टीकडे जाते. पट्टी उजवीकडे सरकवली की चेहरा उजळतो, आणखी सरकवली की घाटमाथ्याच्या उन्हात जन्म काढलेला मावळा दुधात न्हाऊन आल्यासारखा दिसू लागतो. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. ‘साहेब, फोटो जरा क्लिअर केला,’ एवढेच म्हणणे असते.

क्लिअर म्हणजे गोरा, हे पोराला ॲपने शिकवलेले नाही. ते आधीच घरात, लग्नाच्या जाहिरातीत आणि पडद्यावर शिकून झालेले असते. 

१० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीत शिवाजी महाराजांवरचा सय्यद बंडाचा वार जिवाने अडवला आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण झाली. जिवा नाभिक समाजातला. आज तो समाज त्याची जयंती साजरी करतो आणि बॅनरवर त्याला मानाची जागा मिळते. त्या भेटीला महाराजांबरोबर गेलेल्या दहा जणांची नावे ‘शिवभारता’त आहेत. त्यात संभाजी कावजी आहे, येसाजी कंक आहे आणि सिद्दी इब्राहिमही आहे. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशांच्या वंशातला. महाराजांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दहांत एक काळा माणूस होता, ही गोष्ट शाळकरी पोरापर्यंत का पोहोचू नये? पण मराठी मनात सिद्दी म्हटले की जंजिरा, आणि जंजिरा म्हटले की वैरी. हा माणूस त्या चौकटीत बसत नाही.

चेहऱ्यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये अस्सल चित्र पुढे आणले, तोवर इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून खपत होते! एक इब्राहिम असा वर्षानुवर्षे छत्रपती म्हणून मिरवला, दुसऱ्याला स्वतःचा चेहराही मिळाला नाही.

परदेशातही हेच. २०१५ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या चिनी पोस्टरवर जॉन बोयेगा हा कृष्णवर्णी नट अगदी बारका करून टाकला होता. ती निर्मात्यांची करणी. २०२२ मध्ये ‘द लिटिल मर्मेड’च्या झलकीतल्या हॅली बेली या कृष्णवर्णी नटीला एआयने गोरे करून दाखवणारा मात्र कुणी स्टुडिओ नव्हता. साधा प्रेक्षकच. कात्री आता आपल्या हातात आहे, आणि खरे तर ती उलटीही चालवता येते. ज्याला गाळले त्याला परत आणून चिकटवायला पाच मिनिटे पुरतात.

अडचण पाच मिनिटांची नाहीच. २०२२ च्या ‘हर हर महादेव’ या सिनेमावर जेधे-बांदलांच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा त्यांचे म्हणणे ऐकले गेले, कारण ते म्हणायला माणसे होती. जिवासाठी समाज उभा राहतो. इब्राहिमसाठी भोर तालुक्यात कोण येणार? त्याची समाधी कुठे आहे, हे आंबवड्याच्या पुलावर उभे राहून कुणी विचारत नाही. आणि बॅनरवर जागा कमी पडली, की पहिल्यांदा कोण निघतो, ते पोस्टर करणाऱ्या पोराला न सांगताही कळते.