पत

बदली होऊन या गावी आलो तो ऐन दिवाळीच्या तोंडावर, आणि पगार रखडलेला. वाण्याने साखर तोलली, मग विचारले, "मास्तर, इथं तुम्हांला ओळखतं कोण?" पुडी तिथेच राहिली. पंधरा वर्षांची पत काही एस.टी.त बसून मागोमाग येत नाही!

मॅक्स लेव्हचिनविषयी वाचताना ती पुडी आठवली. १९९१ साली कीव्ह सोडून शिकागोला आलेला हा मुलगा. परमुलखात पतीचे पान कोरेच असते. २०१२ साली त्याने संगणकावर चालणारी 'अफर्म' ही उधारीची पेढी काढली. दर खरेदीचा वेगळा विचार, हप्ते आधी ठरलेले, उशीर झाला तरी दंड नाही. (व्याज पुष्कळदा असतेच, पेढी ती पेढीच!)

यंदा शाळेत नव्या बाई आल्या आहेत. त्यांची साखर मी माझ्या खात्यावर मांडायला सांगितली.

"आणि त्यांची बदली झाली तर?" घरातून प्रश्न आला.