सुटी जोड

मातीकामाच्या भट्टीतला, तापमान मोजणारा थर्मोकपल आता वायरीपासून सुटा करता येतो. पिवळ्या कनेक्टरचे स्क्रू पिळताना मन उगीच रेंगाळलं. ‘के’ प्रकारात एक तार क्रोमेलची, दुसरी अल्युमेलची. दोन धातूंच्या जोडांच्या तापमानात फरक पडला की चुंबकसुई हलते, हे सीबेकने १८२१ मध्ये पाहिलं होतं. कनेक्टरच्या पिनाही तारांच्याच जातीच्या लागतात. तांब्याच्या घातल्या आणि त्यांची टोकं कमीजास्त तापली, तर आकडा खोटा येतो. ऋण पिन रुंद, धन पिन अरुंद. उलटं बसतच नाही. न तुटता सुटं होणं धाकट्या भावाला आणि मला कधी जमलं नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. जोड मात्र भट्टीच्या भिंतीपासून दूर, गार जागीच ठेवावी.