जुम्म्याच्या दिवशी पायही पाहू या

वुजूच्या निमित्ताने दिवसातून पाच वेळा आपले पाय धुतले जातात. पण ते नीट पाहिले जातातच असं नाही. घरातल्या थोरामोठ्यांचे तर नाहीच.

आमचे अब्बा सत्तरी ओलांडलेले, मधुमेह जुना. खाली वाकणं जमत नाही, पायाची जाणीवही कमी झालेली. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याचं नख कडेने मांसात शिरलं आणि पू झाला. दुखलं नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. जानमाजवर डाग दिसला तेव्हा अम्मीच्या लक्षात आलं. डॉक्टरांनी जागा बधिर करून नखाची कड काढली. अल्हम्दुलिल्लाह, जखम भरली. पण डॉक्टर म्हणाले, "ज्याला दुखतं तो लगेच येतो. ज्याला दुखत नाही त्याचीच आम्हाला काळजी असते." मधुमेहात अशी छोटी जखम चिघळून बोट गमवावं लागतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

तेव्हापासून घरात काही गोष्टी आम्ही पक्क्या केल्या आहेत.

पायाचं नख सरळ रेषेत कापायचं. कोपरे गोल करून आत खोल कापले की वाढताना नख मांसात शिरतं. पुढे निमुळते, घट्ट बूटही तेच करतात. मधुमेह नसलेल्या माणसाला नुसती टोचणी लागली असेल, तर कोमट पाण्यात पाय बुडवून, पुसून, सैल चप्पल वापरली तरी बरं वाटतं. लाली पसरली किंवा पू दिसला तर डॉक्टरच. मधुमेहींनी मात्र गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. चटका बसलेला कळत नाही. ब्लेडने कोरणंही नको.

दुसरा त्रास बुरशीचा. नख पिवळट, जाड होतं आणि भुसभुशीत होऊन तुटतं. ओल हे तिचं माहेर. वुजूत बोटांमध्ये खिलाल करतो, तसंच नंतर त्या फटी कोरड्या पुसाव्यात. ओल्या पायांवर मोजे चढवू नयेत. वुजूखान्यातल्या सामाईक चपलांऐवजी आपली चप्पल वापरलेली बरी. नेलकटरही प्रत्येकाचं वेगळं असावं. प्रत्येक जाड नख बुरशीचंच असतं असं नाही, म्हणून डॉक्टर नखाचा तुकडा तपासायला पाठवतात. पोटातून घ्यायच्या गोळ्या साधारण 3 महिने चालतात आणि यकृतावर परिणाम करू शकतात. त्या परस्पर दुकानातून आणू नयेत. औषध लागू पडलं तरी नख लगेच स्वच्छ दिसत नाही. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला 12 ते 18 महिने लागतात. इथे सब्र हवाच.

ठेच लागून नख काळं पडलं तर तो डाग नखाबरोबर हळूहळू पुढे सरकतो. मार न लागता काळी रेघ उमटली, ती रुंदावत गेली, तर उशीर न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. क्वचित तो कर्करोग असतो. आपल्या घरांत बायका नखांवर मेंदी लावतात. मेंदीखाली नखाचा खरा रंग दिसत नाही. म्हणून दोन मेंदींच्या मध्ये एकदा कोरी नखं उजेडात पाहून घ्यावीत.

नखं कापणं ही सुन्नत आहे आणि 40 दिवसांपेक्षा जास्त ती वाढू देऊ नयेत, असं हदीसमध्ये आलं आहे. आमच्याकडे आता दर जुम्म्याला गुसलनंतर, नखं मऊ असतानाच, मुलांपैकी एकजण अब्बांचे पाय मांडीवर घेतो. नखं, टाचा, बोटांमधल्या फटी, तळवे सगळं पाहतो. इतर दिवशी अम्मी रात्री एकदा नजर टाकते. सुरुवातीला अब्बा संकोचून पाय मागे घेत. आता धाकट्याला ते मजेत विचारतात, "काय रे डॉक्टर, पास की नापास?"

वडीलधारी माणसं स्वतःहून पाय पुढे करत नाहीत. मागून घ्यावे लागतात.