वीस टक्क्यांवरचे सर

पैसा काढून घ्या, अशी उघड घोषणा २०२० मध्ये अमेरिकेने ऐकली. मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला आणि ‘डीफंड द पोलीस’ ही अक्षरे रस्त्यांवर रंगवली गेली. अर्थाबाबत मात्र घोषणा देणाऱ्यांतही एकमत नव्हते. कुणाला पोलीस दलच मोडीत काढायचे होते, तर कुणाला त्याच्या तरतुदीतला काही हिस्सा मानसिक आरोग्याकडे, घरांकडे वळवायचा होता. अशा चटपटीत घोषणांनी ऐकणारे दुरावतात, असे ओबामांनीही बजावले. तरी भांडण चव्हाट्यावर झाले. २०२१ मध्ये मिनियापोलिस शहराने मतदान करून पोलीस खाते बदलण्याचा प्रस्ताव फेटाळला. विषय मिटला नसेल, पण कौल तरी मिळाला.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, शाळांचे अनुदान काढून घ्यायची वेळच येत नाही, कारण ते मुळात द्यायचेच नसते. २००१ पासून शाळांना परवानगी देताना शासनाने ‘विनाअनुदानित’च्या आधी ‘कायम’ हा शब्द बसवला. २००९ मध्ये तो वगळला. मग मूल्यांकन आले, निकष आले, त्रुटींची पूर्तता आली आणि २०१६ मध्ये काही शाळांच्या पदरात पगाराच्या अनुदानाचे वीस टक्के पडले; पुढचे ‘टप्प्याटप्प्याने’ मिळायचे. तोवर उरलेले ऐंशी संस्थेने द्यायचे, अर्थात कागदावर.

माझा एक मामेभाऊ अशाच शाळेत गणित शिकवतो. पहाटे दोन गाईंच्या धारा काढायच्या, डेअरीत दूध घालायचे, मग शाळा. त्याच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या मामांनी पगाराचा आकडा विचारलाच नाही. चहाचा कप बशीत ठेवत म्हणाले, ‘‘अनुदानित की विना?’’ पत्रिका त्यानंतर निघाली. अशा शाळांतले शिक्षक भेटले की एकमेकांना विषय सांगत नाहीत. ‘मी वीसवर’, ‘आम्ही चाळीसवर आलो’ असे सांगतात. अनुदानासाठीचे त्यांचे मुंबईच्या आझाद मैदानावरचे उपोषण आता बातमीच्या आतल्या पानावर गेले आहे.

विनाअनुदानाची अट मान्य करूनच शाळा काढल्या होत्या, हा शासनाचा मुद्दा खोटा नाही. पण अट मान्य केली संस्थाचालकाने, आणि तिची किंमत मोजतोय मास्तर. त्यापेक्षा ‘देणार नाही’ असे सरळ लिहून दिलेले बरे. त्याविरुद्ध कोर्टात तरी जाता येते. ‘टप्प्याटप्प्याने’ विरुद्ध कुठे जाणार? शासनाने पुढच्या टप्प्याच्या आदेशात शंभर टक्क्यांची तारीखही छापावी.