दुसरा ब्रेक

आमच्या कन्येने मोटार शिकण्याचे ठरविले, तेव्हा शिकवणीचे शुल्क ऐकून घरात खल सुरू झाला. "गाडी घरची, तुम्हांस चालविता येते, मग पैसे कशाला?" हा सौभाग्यवतींचा प्रश्न रास्त होता. त्यातून मी जन्मभर मास्तरकी केलेली!

परंतु फळ्यावर चुकलेले गणित पुसता येते. इंदूरच्या राजवाड्यापुढील गर्दीत झालेली चूक पुसता येत नाही. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. घरच्या गाडीत तो नसल्यामुळे बापाच्या जिभेवर येतो. ओरडण्याने गाडी थांबत नाही. मुलीचे हात मात्र थरथरतात. शुल्क द्यावयाचे ते या दुसऱ्या ब्रेकचे आणि परक्याच्या संयमाचे.

मात्र ते डोळे झाकून देऊ नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा असून प्रत्यक्ष चालविणे १० तासांहून कमी असता कामा नये. म्हणून आधी विचारावे : चाक रोज किती मिनिटे हाती मिळेल? एका फेरीत शिकाऊ किती? चढावर थांबून पुन्हा निघणे, गाडी मागे घेणे शिकविणार काय? जेथे "परवाना मिळवून देऊ" एवढेच उत्तर मिळाले, तेथून आम्ही परतलो. दुसरीकडे शुल्क अधिक होते. तेथे नाव नोंदविले.

दहा तासांत चालक घडत नाही, सवयींचा पाया तेवढा पडतो. पुढील सराव घरच्या गाडीत, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर व्हावा. पाया भक्कम असला, म्हणजे शेजारी बसलेल्या बापालाही गप्प राहणे जमते.